रसायनशास्त्राऐवजी भूशास्त्र

१८ जून २०१८, रात्र

आज टीवायबीएस्सीच्या प्रवेश अर्जावर मुख्य विषय म्हणून भूशास्त्र लिहिले. आमच्याकडे पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी तीन आणि तिसऱ्या वर्षी एकच विषय उरतो, त्यामुळे दोन वर्षे पुढे ढकललेला निर्णय आता टाळता येत नव्हता.

बारावीपासून रसायनशास्त्र ठरलेले होते. गुण त्यातच चांगले आणि औषध कंपनीत नोकरीची आशाही त्यातच. भूशास्त्र मी केवळ चौथा विषय हवा म्हणून घेतले होते.

आमचे गाव औसा तालुक्यातले. २९ सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीला, गणपतींचे विसर्जन करून माणसे उशिरा झोपली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, हे आजीकडून मी इतक्या वेळा ऐकले आहे की ती रात्र मीच पाहिली असे वाटते. आजी नेहमी म्हणते, जमीन कोपली. गेल्या वर्षी वर्गात सरांनी सांगितले की भूकंपानंतर तेथे खोल छिद्र घेतले तेव्हा सुमारे ३३८ मीटर काळ्या पाषाणाखाली त्याहून कितीतरी प्राचीन खडक लागला. आणि एवढी माणसे दगावली त्यामागे केंद्र उथळ असण्याइतकेच, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदे हेही कारण होते. त्या दिवशी मी वहीत एक अक्षरही लिहिले नाही. आजीच्या दुःखाला कारणे आहेत आणि ती शिकता येतात, हे मला प्रथमच कळले होते.

संध्याकाळी बाबांना फोन केला. भूवैज्ञानिकाच्या केंद्रीय परीक्षेला एमएस्सी लागते, म्हणजे अजून तीन वर्षांचा खर्च, हे मी लपवले नाही. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली, तिथं बोअर कोरडं गेलं. ते का, हे तुला सांगता येईल का?"

काळ्या पाषाणात पाणी झिजलेल्या थरांत आणि भेगांत साठते, सगळीकडे नाही, एवढे मी सांगू शकले. आपल्या वावराखाली ते कोठे आहे, हे मात्र शेत पाहिल्याशिवाय सांगता येणार नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत बाबांबरोबर बांधाबांधाने फिरून विहिरींची खोली लिहून घ्यायची आहे.