पाऊस आपल्याच शिवारात मोजा

हवामान बदलाचा विषय गावाच्या बैठकीत निघाला की चर्चा थेट बंधारे आणि झाडांवर जाते. माझा आग्रह आहे की त्याआधी पाऊस आणि विहिरी मोजायला लागा. लांबच्या केंद्रावर पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडलेला असतोच असं नाही.

पर्जन्यमापक घरी करता येतो. २० सेंटिमीटर व्यासाचं खोल नरसाळं घ्या आणि खाली १० लिटरचा कॅन ठेवा. तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणून ३१.४ मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. मापात ६२८ मिलिलिटर भरलं तर २० मिलिमीटर झाला. नरसाळं उथळ असेल तर जोराच्या सरीत थेंब उडून बाहेर जातात. ते गच्चीवर नको, तिथल्या वाऱ्याने आकडा कमी येतो. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मोकळ्या जागेत बसवा. रोज एकाच वेळी मोजा आणि पाऊस नसेल तर ० लिहा. जागा कोरी सोडली तर पाऊस नव्हता की मोजायला कुणी गेलं नव्हतं, हे नंतर कळत नाही.

हे शून्य फार मोलाचं आहे. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे सरी जोरदार होतात. वर्षाची बेरीज सरासरीइतकी भरते आणि मधल्या खंडात पीक करपून जातं. तो खंड सलग शून्यांतच दिसतो.

विहिरीच्या काठावर रंगाची एक खूण करा आणि वजन बांधलेली टेप तिथूनच सोडा. पहाटे, मोटर सुरू व्हायच्या आधी मोजा. शेजारच्या विहिरीचा पंप चालू असला तरी पातळी खाली दिसते.

आता हिशेब. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत १ मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. एका हेक्टरला ५० मिलिमीटरची एक पाळी द्यायला ५ लाख लिटर लागतात, म्हणजे जवळजवळ १८ मीटर पाणी. झरे भर घालतात, पण किती, ते उपसा थांबवून पातळी किती वेळात चढते हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. हे आकडे सगळ्यांना दिसतील अशा फळ्यावर लिहा, आणि तेही पावसाळा संपताच. दुसऱ्या पिकाची पेरणी झाली की कुणीच मागे हटत नाही.