तुम्ही विचारलंत म्हणून: रिटायर झालो, मग पुण्याला कायमचे का येत नाही?

दर फोनवर कोणीतरी विचारतंच, काकू आता दोघंही रिटायर झालात, पेन्शन पाउंडात मिळते, पुण्यात फ्लॅट आहे, मग ब्रिटनमधल्या त्या लेस्टरच्या थंडीत कशाला बसलाय? एकदा नीट लिहूनच टाकते.

इथली सरकारी पेन्शन दर एप्रिलला वाढते, महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के, यात जे जास्त असेल तेवढी. पण देश सोडून गेलात तर कुठे जाता त्यावर सगळं आलं. स्पेनला गेलात तर वाढते, अमेरिकेत वाढते, फिलिपिन्समध्येसुद्धा वाढते, भारतात मात्र नाही, आणि कॅनडा, ऑस्ट्रेलियातही नाही. भारतात राहायला गेलात की तेव्हाचा आकडा, तिथे राहाल तोवर तोच. 2016 च्या एप्रिलमध्ये कोणी नवी पूर्ण पेन्शन म्हणजे आठवड्याला 155.65 पाउंड सुरू करून भारतात गेलं असेल, तर 2025-26 मध्येही त्यांना 155.65च, आणि तेवढाच नॅशनल इन्शुरन्स (पेन्शन वगैरेसाठी पगारातून कापतात ते सरकारी हप्ते) भरून इथेच राहिलेल्याला 230.25. रुपया पडतो त्यामुळे थोडं भरून निघतं हे मान्य, पण ऐंशीव्या वर्षी दिवसरात्रीची बाई ठेवायची वेळ आली की काय करायचं सांगा. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन बाई आणि आणखी काही पेन्शनर यासाठी पार स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टापर्यंत लढले, 2010 मध्ये हरले. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. हप्ते घेताना कोणी विचारलं नव्हतं की म्हातारपणी कुठे राहणार.

पण खरं सांगू का, पैशापेक्षा मला धास्ती आहे दवाखान्याची. यांची बायपास झालीय, शुगर आहे. एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, हक्क तुम्ही किती वर्षं टॅक्स भरला यावर नसतो, तुम्ही इथे राहता का यावर असतो. मी जन्मभर एनएचएसच्या वॉर्डात ड्यूट्या केल्या, तरी कायमची गेले आणि भेटीला आल्यावर काही झालं तर ए अँड ईमध्ये, म्हणजे इमर्जन्सी विभागात, फुकट बघतील, पुढे ॲडमिट केलं की बिल, तेही साधारण दीडपट दराने. स्पेनला गेलेल्या पेन्शनरांना एस-वन फॉर्म मिळतो, तिथल्या उपचारांचा खर्च ब्रिटन देतं. भारतासाठी तसलं काही नाही. पुण्यात नवीन मेडिक्लेम काढायचा तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड, आणि या वयाचा प्रीमियम तुम्हाला माहीतच आहे.

कायमचं परत इथे राहायला आलं की पेन्शन चालू दराने मिळते, एनएचएसही मिळतं, पण आजारी माणसाला घेऊन पुन्हा घर शोधायचं हे मला झेपणार नाही.

म्हणून सध्या हिवाळ्यात येऊन जाऊन राहू. जुलै 2025 मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करार झाला, तात्पुरत्या पाठवलेल्या नोकरदारांना दोन्हीकडे हप्ते भरायला लागू नयेत याचंही ठरलं, मग पेन्शनरांचं का नाही, असं मी आमच्या खासदारांना लिहून विचारलंय. उत्तर आलं की कळवते.