बाबांच्या पद्मिनीचा मडगार्ड

बाबांच्या १९७८ सालच्या प्रीमियर पद्मिनीचा पुढचा डावा मडगार्ड चाकाच्या वरच्या कडेला गंजल्यामुळे, आज सकाळी मी बाजारातून आणलेला नवा मडगार्ड घेऊन गॅरेजमध्ये गेलो. तो बॉनेटच्या रेषेत काही केल्या बसेना. हेडलाइटची जागा किंचित तिरकी होती आणि दाराशी बोटभर फट राहत होती. मेस्त्रीकाका म्हणाले, "लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाकता येईल, पण पुढे तिला तडे जातील." अखेर गंजलेला भागच कापून, तेवढ्या जागी नवा पत्रा वेल्ड करायचे ठरले. खर्च वाढेल, वेळही लागेल. तरी कुर्ल्याच्या कारखान्यात या गाडीवर चढलेला पत्रा बहुतांशी तिच्याच अंगावर राहील, याचे मला मनापासून समाधान वाटते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी असा आग्रह धरत नाही. व्हील सिलिंडरचे (चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या भागाचे) रबरी कप आणि होस (ब्रेक ऑइलच्या लवचिक नळ्या), कितीही अस्सल असले तरी, वयाबरोबर कडक होतात. त्यामुळे कुणीतरी जपून ठेवलेले, न वापरलेले जुने कपही मी नाकारले आणि नवेच बसवले.

कापलेला तुकडा घरी आणला आहे. त्याच्या आतल्या बाजूला गाडीचा पहिला रंग अजून दिसतो.