तुम्ही विचारलंत म्हणून : घर बदलल्यावर घाट पुन्हा का बांधला?

माझा छंद लहान प्रमाणातल्या रेल्वेच्या प्रतिकृतीचा. तिची खोली पाहून झाली की घरी आलेले बहुतेक पाहुणे एकच प्रश्न विचारतात : "जुन्या घरातला लेआउट, म्हणजे रूळ, डोंगर आणि स्थानकांची सगळी मांडणी, चांगली चालत होती ना? मग तीच उचलून इथे का नाही आणली? इथे जागा जास्त आहे, बाजूला आणखी दोन टेबले जोडली असती की झाले." ज्यांनी जुनी खोली पाहिली होती, त्यांच्या विचारण्यात थोडी हळहळही असते, कारण त्या खोलीतले डोंगर आणि पूल त्यांना ओळखीचे झाले होते. प्रश्न रास्त आहे, परंतु चहा संपेपर्यंत त्याचे उत्तर पुरे होत नाही. म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्हाला पुण्यातच दुसरीकडे राहायला यावे लागले. जुन्या घरात या छंदासाठी ८ बाय १० फुटांची खोली होती. मी एचओ प्रमाणात काम करतो, म्हणजे खरी वस्तू ८७ पटींनी लहान. एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. विषय बोरघाटाचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने या घाटाचे काम १८५६ साली सुरू केले आणि १८६३ साली तो वाहतुकीसाठी खुला झाला. सुमारे १६ मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आणि सर्वांत खडा चढ ३७ फुटांमागे एक फूट. लहान खोलीत हा घाट बसवणे मला शक्य झाले ते खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनमुळे. तिथे गाडी एका बंद टोकाशी जाऊन थांबत असे, इंजिन दुसऱ्या बाजूला लागत असे, आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढत असे. डोंगराच्या धारेवर वळण घ्यायला जागा नव्हती, म्हणून त्या काळच्या अभियंत्यांनी काढलेली ही वाट होती. माझ्या खोलीतही वळायला जागा नव्हती, त्यामुळे ती मला नेमकी उपयोगी पडली.

मात्र या व्यवस्थेची एक अट असते. बंद टोकाची जेवढी लांबी, तेवढीच गाडी. माझ्याकडे ती एक मीटरच्या थोडी वर होती, म्हणून इंजिन आणि चार लहान डबे यापलीकडे काही नेता येत नसे. ही अडचण खऱ्या रेल्वेलाही होतीच. दर गाडीमागे वेळ जाई आणि गाडीची लांबी टोकाच्या मापाने ठरे. अखेर विद्युतीकरणाच्या कामाबरोबर १९२९ साली घाटाच्या वरच्या भागात नवा मार्ग आखून रिव्हर्सिंग स्टेशन बंद करण्यात आले. बाकीचा घाट बराचसा राहिला, पण अडवणारी जागा काढून टाकली गेली. मला जुनी खोली सोडावी लागली तेव्हा माझ्यापुढे तोच निर्णय होता आणि मी त्याच बाजूने गेलो.

टेबले जोडली असती तर काय झाले असते, हे येथे सांगितले पाहिजे. लेआउट त्याच्या खोलीच्या मापाने जन्मतो. जुन्या लेआउटची वळणे ४५ सें.मी. त्रिज्येची होती, चढ एकाच बाजूला होता, आणि सगळी वाहतूक त्या एका टोकातून जात होती. त्याला डावी-उजवीकडे कितीही फळ्या जोडल्या, तरी गाडी चार डब्यांचीच राहिली असती. फक्त तिला उभे राहायला जास्त रूळ मिळाले असते. वाढवलेले बरेच लेआउट मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांमध्ये वाढ म्हणजे आणखी एक यार्ड, आणखी एक कारखान्याचा फाटा, आणखी एक स्थानक असाच अर्थ घेतलेला असतो. त्यातही आनंद आहे, हे मी नाकारत नाही. पण माझ्या मते लहान रेल्वेत सर्वांत कमी पडते ते अंतर. गाडी एका स्थानकातून सुटते आणि तिचा शेवटचा डबा फलाट सोडण्याआधी इंजिन पुढच्या स्थानकात शिरते. ज्याला घाट दाखवायचा आहे, त्याचा विषयच मुळी स्थानकांच्या मधल्या जागेत असतो. म्हणून नवी खोली मिळाल्यावर मी एकही नवे स्थानक वाढवले नाही. मिळालेली सारी जागा चढाला दिली.

आता हिशेब पाहा. कर्जत ते लोणावळा हे रुळांवरचे अंतर २८ किलोमीटर आहे. ८७ ने भागले तर ३२० मीटरांहून अधिक रूळ लागतील. १,८३१ फूट म्हणजे ५५८ मीटर. ती उंची लहान केली तरी ६.४ मीटर भरते, म्हणजे आमच्या वरच्या दोन्ही घरांचे स्लॅब फोडावे लागतील. तेव्हा काहीतरी आकसून घेणे अटळच असते. काय आकसायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवण्यातच लेआउट करणाऱ्याची खरी परीक्षा असते, असे मला वाटते. मी दोन गोष्टी ठाम धरल्या. एक, चढाची तीव्रता खरी राहिली पाहिजे. दोन, गाडी पूर्ण लांबीची असली पाहिजे.

नवी खोली ११ बाय १५ फुटांची आहे. मधे टेबल न ठेवता चारही भिंतींच्या कडेने फळी फिरवली की एका फेरीला साडेबारा मीटर रूळ मिळतो. बोरघाटाचा सरासरी चढ ४६ ला १ आहे. त्याच चढाने एक पूर्ण फेरी मारली की गाडी २७ सें.मी. वर येते, म्हणजे खऱ्या घाटातले २३ मीटर. खालच्या पातळीवर कर्जत, मधे ठाकुरवाडी, एक फेरी पूर्ण करून वरच्या पातळीवर लोणावळा. बाकी सारे गाळले आहे. वर जाण्यासाठी पुष्कळ जण कोपऱ्यात रुळांचे वर्तुळाकार मजले बांधतात, पण त्यात गाडी बराच वेळ दृष्टीआड राहते. इथे चढणारी गाडी बोगद्यांचा अपवाद सोडला तर सतत दिसते, आणि तिच्याबरोबर खोलीभर चालत जाता येते. दाराशी एक फळी उचलून ठेवण्याजोगी केली आहे.

गाडीच्या लांबीसाठी मी १९३० चा डेक्कन क्वीन हा मापदंड घेतला. ती १ जून १९३० रोजी सुरू झाली तेव्हा सात डब्यांची होती. एक रेक, म्हणजे डब्यांचा जोडलेला संच, चंदेरी रंगाचा आणि दुसरा गडद निळा, आणि डब्यांचे वरचे सांगाडे माटुंग्याच्या कारखान्यात तयार झालेले. सात डबे आणि इंजिन मिळून एचओमध्ये जवळपास दोन मीटर होतात. जुन्या खोलीत ही गाडी उभीसुद्धा राहिली नसती. आता ती वळणावर वळलेली असताना इंजिन एका बोगद्यात शिरते आणि तिचे शेवटचे डबे अजून मागच्या भिंतीवर असतात. या एका दृश्यासाठी मी सगळा लेआउट पुन्हा बांधला, असे म्हटले तरी चालेल.

लांब गाडीला रुंद वळण लागते. नवी वळणे ७६ सें.मी. त्रिज्येची आहेत, आणि ती केवळ डोळ्यांना बरी दिसावीत म्हणून नाहीत. घाटात मालगाडीला मागून ढकलणारे इंजिन लावतात. पुढचे इंजिन ओढते तेव्हा हलके डबे वळणाच्या आतल्या बाजूला खेचले जातात. मागचे ढकलते तेव्हा ते बाहेरच्या बाजूला रेटले जातात. आणि तीव्र वळणावर दोन्ही वेळा चाके रूळ सोडतात. त्यावर उपाय म्हणजे रुंद वळण, डब्यांचे योग्य वजन आणि दोन्ही इंजिनांचा सारखा वेग. वजनासाठी अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस मी पाळतो : मूळ एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. त्या हिशेबाने दहा इंची डबा १७० ग्रॅमचा झाला पाहिजे, म्हणून प्रत्येक डब्याच्या तळाशी शिशाच्या पट्ट्या बसवल्या आहेत. वेगासाठी डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धत आहे. तिच्यात रुळांतून वीज आणि आज्ञा दोन्ही जातात आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर फक्त आपल्यासाठीची आज्ञा उचलतो. जुन्या लेआउटवर साधा डीसी पुरवठा होता, त्यात मागच्या इंजिनाला वेगळे सांभाळणे शक्यच नव्हते. ढकलण्याचे काम खेकड्याकडे आहे. १९२८ पासून आलेल्या त्या स्विस धाटणीच्या विद्युत इंजिनांना, म्हणजे पुढे डब्ल्यूसीजी-१ म्हणवल्या गेलेल्या मालिकेला, त्यांच्या डुलत्या चालीमुळे आणि विचित्र आवाजामुळे लोक याच नावाने ओळखत. त्यांतले एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केलेले आहे.

तडजोड कुठे केली, हेही सांगतो. आपली ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, १,६७६ मि.मी.ची, ती एचओमध्ये १९.३ मि.मी. होते. बाजारात मिळणारा रूळ १६.५ मि.मी.चा असतो, कारण तो १,४३५ मि.मी.च्या युरोपीय गेजचे प्रमाण आहे. जाणकाराला समोरून पाहताना गाडी अरुंद पायांवर उभी दिसते. योग्य मापाचा रूळ हाताने घालता येतो, परंतु मग प्रत्येक सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी) आणि प्रत्येक इंजिनाची चाके स्वतः करावी लागतात, आणि तसे केले असते तर घाट कधी पूर्ण झाला नसता. मी लांबी आणि चढ निवडले, रुंदी सोडली.

जुन्यातले काय आले, हेही अनेक जण विचारतात. रूळ आणि सांधे जवळजवळ सगळे आले. खडी पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने बसवलेली असली की कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे चार थेंब टाकून ती भिजवावी. थोड्या वेळाने गोंद मऊ होतो आणि पातळ पाते घालून रूळ अखंड उचलता येतो. पूल, स्थानकाच्या इमारती, सिग्नल हे सारे आले. प्लास्टरचे डोंगर आले नाहीत आणि येऊही शकत नाहीत. त्यांचे वजन आणि ठिसूळपणा पाहता ते जिथल्या तिथे फोडणेच योग्य. एक गोष्ट मात्र मी कापूसपट्टीत गुंडाळून हातात धरून आणली : घाटातल्या जुन्या रस्त्यावरच्या १८३० सालच्या पुलाची प्रतिकृती, ज्याला पुढे सगळे अमृतांजन पूल म्हणू लागले. खरा पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. माझ्याकडचा पूल मोजमापांवरून आणि छायाचित्रांवरून केलेला असल्यामुळे आता त्याची किंमत मला अधिक वाटते.

नव्या लेआउटची चौकट चार फूट बाय दोन फुटांच्या सुट्या भागांची आहे, प्रत्येक भाग इमारतीच्या लिफ्टमध्ये आडवा न करता मावतो, आणि दोन भाग बोल्टांनी जोडलेले आहेत. पुनर्विकासाचा अनुभव घेतलेल्या माणसाला याचे कारण सांगावे लागणार नाही. १२ मि.मी.चे पाण्याला टिकणारे प्लायवूड खोलीत महिनाभर उभे करून ठेवले, मग दोन्ही बाजूंनी आणि मुख्यतः कापलेल्या कडांवर प्रायमर दिला. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. रूळ वाकतात ते बहुधा त्याच्या पायी, धातूच्या प्रसरणामुळे तितके नाही. पायांना तळाशी फिरणारे बोल्ट आहेत, कारण फरशी सपाट दिसते तशी नसते. फळीखालून अडीच चौरस मिलिमीटरची मुख्य वायर फिरते आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यापासून वेगळा फाटा सोल्डर केलेला आहे. रुळांचे दोन तुकडे जोडणाऱ्या पट्टीवर वीज वाहून नेण्याचा भरवसा मी ठेवत नाही.

डोंगरांबद्दल मात्र मनापासून सांगावेसे वाटते. परदेशी साच्यांतून निघणारे खडक सुंदर असतात, पण ते सह्याद्रीचे नसतात. आपला कातळ लाव्हाच्या आडव्या थरांचा, एकावर एक बसलेला, मधूनच तांबूस पट्टी असलेला, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा. म्हणून मी दाट फोमच्या पट्ट्या आडव्या रचून, त्यांवर प्लास्टरचा पातळ थर देऊन, ओला असतानाच सुरीने थर कोरतो. जमिनीसाठी चहाचा चोथा ओव्हनमध्ये कडक वाळवून घेतो. तो नीट वाळला नाही तर जुलैत त्यावर बुरशी येते. हंगाम ऑक्टोबरचा धरला आहे, जेव्हा कारवीची पाने अजून हिरवी असतात आणि उघड्या उतारावरचे गवत पिवळे पडू लागलेले असते.

उतारावर कॅच सायडिंगही, म्हणजे बेकाबू गाडी अडवणारा चढता फाटाही, बांधले आहे. खाली येणाऱ्या गाडीसाठी सांधा नेहमी चढत्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी काबूत असून ती थांबली, हे पटल्यावरच सांधा मुख्य मार्गाकडे फिरवायचा. माझ्याकडेही तोच नियम आहे आणि गाडी चालवायला येणाऱ्या मुलांना मी तो आधी शिकवतो.

काम पूर्ण झालेले नाही. १,५०० व्होल्टच्या तारांचे खांब उभे राहिले आहेत, तारा अजून ओढायच्या आहेत. त्या बोगद्यांच्या तोंडापर्यंतच नेणार आहे, कारण आत तुटली तर हात पोहोचत नाही. लोणावळ्याच्या टोकाशी फळी कपाटाला भिडते. तिथे भिंतीमागे रेक उभे करण्यासाठी तीन रूळ टाकायचे आहेत, म्हणजे पुण्याकडे निघून गेलेली गाडी तिथे विसावेल आणि तिच्या जागी दुसरी घाट उतरायला निघेल.