लोलाचा खोका

लोला गेली. परवा नववी रात्र झाली.

लोला म्हणजे टागालोग भाषेत आजी. तिचं खरं नाव भाडेकरारावर होतं, पण चार वर्षांत मी ते कधी उच्चारलं नाही. डेली सिटी म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोला चिकटलेलं, बारा महिने धुक्यात बुडालेलं गाव. इथे तीनातला एक माणूस फिलिपिनो. वर त्यांचं घर, खाली गॅरेज, आणि गॅरेजमागची खोली माझी. धुणं घेऊन गॅरेजमधून जायचं तर वाटेत तो खोका.

या खोक्यावर मी चार वर्षं कुरकुरले, आजही थोडं कुरकुरू द्या. अंगठा ठेचलाय माझा दोनदा. त्याला म्हणतात बालिकबायन खोका. बालिकबायन म्हणजे मायदेशी परतणारा. 1973 मध्ये फिलिपिन्सच्या मार्कोस सरकारने परदेशातल्या फिलिपिनोंना सुट्टीत घरी बोलवायची मोहीम काढली, तेव्हापासूनचा हा शब्द. ज्याला जाता येत नाही त्याचा खोका जातो, बोटीने. पैसे वजनावर नाहीत, खोक्यावर. त्यामुळे लोला तो भरायची नाही, ठासायची. स्पॅमचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, डबे, कॉर्न्ड बीफ, टूथपेस्ट, टॉवेल. मुलांचे बूट, बुटात मोजे, मोज्यात चॉकलेटं. बोटभर फट दिसली की तिथे साबणाची वडी. एक खोका गेला की आठवड्यात दुसरा उभा.

"साबण तिकडे मिळत नाही का?" मी एकदा विचारलंच.

"मिळतो. पण त्यांना विकत घ्यावा लागेल ना," असं म्हणत तिने आणखी एक वडी खुपसली.

आपल्याकडे असं नाही. मी दर महिन्याला आईच्या खात्यात पैसे टाकते, दोन मिनिटांचं काम. आईच म्हणते, काही आणू नकोस, डोंबिवलीत सगळं मिळतं. मिळतंच.

लोला 1971 साली नर्स म्हणून आली. अमेरिकेने 1898 पासून त्यांच्यावर राज्य केलेलं, त्यामुळे नर्सिंगचं शिक्षण अमेरिकन वळणाचं आणि इंग्रजीतून. त्यात 1965 च्या अमेरिकन स्थलांतर कायद्याने दार उघडलं. दोन वर्षं पैसे साठवून परतायचं ठरलं होतं, पण पुढच्याच वर्षी तिकडे मार्शल लॉ लागला. मग रात्रपाळ्या केल्या आणि त्यावर पाच भावंडं शिकवली. धाकट्या भावाला इकडे आणायला 1983 मध्ये अर्ज भरला, त्याचा नंबर लागला 2005 मध्ये. तो आला तेव्हा त्याचेच केस पांढरे झालेले.

आम्ही आमच्या ग्रीनकार्डाच्या रांगेचं रडगाणं दर शनिवारी कुणाच्या तरी घरी बटाटेवड्यांबरोबर गातो. तिच्या तोंडून रांग हा शब्द मी ऐकला नाही. अर्थात तिला आल्या आल्या कायमचा परवाना मिळाला होता, आमच्यासारखं एच-वनवर लटकणं नव्हतं. हेही लिहायला हवं.

मला मात्र भेटेल तेव्हा विचारायची, "जेवलीस का?" आणि लगेच, "आईला कधी आणतेस?" पहिल्या प्रश्नाने मला घरची आठवण यायची, दुसऱ्याने राग. आईचे गुडघे, इथली थंडी, तिची भिशी, तिचं भजनी मंडळ. मी कारणं सांगायचे. सगळी खरी होती. लोला मान हलवायची आणि हातात लुंपियाची, म्हणजे त्यांच्या तळलेल्या रोल्सची, ताटली द्यायची.

दर्शन शेजारच्या कोल्मा गावात होतं. तिथे जिवंत माणसांपेक्षा कबरी कितीतरी जास्त आहेत. तिथून थेट घरी यायचं नाही, नाहीतर मेलेल्याचा आत्मा मागे येतो. म्हणून सुतकी चेहऱ्याची अकरा माणसं डोनटच्या दुकानात जाऊन बसली, त्यात मी. आपण स्मशानातून आल्यावर अंघोळ करतो, हे डोनट खातात. मला हसू आलं आणि मग आवरेना ते हसू नव्हतं.

पुढे नऊ रात्री रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आपल्या दहाव्या-तेराव्यासारखी. रोज पन्नास माणसांचं जेवण. थोरल्या मुलीला सगळे 'आते' म्हणतात. सुरुवातीला मला ती सगळ्यांची आत्या वाटायची. तो त्यांच्यात ताईला शब्द.

नवव्या रात्री पाहुणे पांगल्यावर आते गॅरेजमध्ये आली. खोका अर्धाच भरलेला होता. तिच्या भावाचं म्हणणं, आता राहू दे, पैसेच पाठवू. मला त्याचं पटलं, पण मी गप्प बसले. आतेने उत्तर दिलं नाही, कपाटातून साबण काढायला लागली. शेवटी झाकण बसेना, तेव्हा मला वर बसवलं आणि चहूबाजूंनी चिकटपट्टी मारली.

मग खाली बसून तिने मार्करने पत्ता लिहिला. पाठवणाऱ्याच्या जागी लोलाचंच नाव.

"कस्टमवाल्यांना काय कळतंय," म्हणाली.

दीड-दोन महिन्यांनी पोचेल.