डब्यासाठी भरलेली बिस्किटं

अमेरिकेत बिस्किट म्हणजे चहात बुडवतो ते नव्हे. यीस्टशिवाय, बेकिंग पावडरवर फुगलेला मऊ पाव. लेकीच्या डब्यासाठी मी तो नौपाड्यातल्या घरी, छोट्या ओव्हनमध्ये करते. 2 वाट्या मैदा, 3 लहान चमचे बेकिंग पावडर, मीठ, 80 ग्रॅम बटर. बटर गारच हवं! त्याचे कण ओव्हनमध्ये वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. ठाण्याच्या उकाड्यात ते हातातच विरघळतं, म्हणून फ्रीजरमधून काढून थेट किसते. ताक घालून जेमतेम गोळा करायचा, मळायचा नाही. आत जांभळी नाक्यावरच्या बटाट्यांची कोरडी भाजी आणि चीज. कडा घट्ट मिटून 200 अंशांवर 18 मिनिटं. काल डबा रिकामा आला, आणि मैत्रिणीसाठी उद्या दोन जास्त हवीत म्हणे!