विसातून दोन

लॅटिनचे आकडे शिकताना सतरापर्यंत गाडी मजेत चालली होती. सेप्टेनडेकिम, म्हणजे सात आणि दहा. त्याच चालीवर अठराला मी ऐटीत ऑक्टोडेकिम लिहिलं आणि उत्तरांचं पान उघडलं. तिथे होतं दुओदेविगिंती. विसातून दोन!

आधी चिडलेच. रोमन आकड्यांत अठरा लिहिताना हीच मंडळी दहा, पाच आणि तीन अशी सरळ बेरीज मांडतात. मग बोलतानाच वजाबाकी का सुचते?

एकोणीसला उन्देविगिंती, विसातून एक. इथे मात्र माझी मलाच गंमत वाटली. आपलं एकोणीस तरी दुसरं काय? एक ऊन वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत आपण बिनबोभाट वजाबाकी करत असतो. त्यांनी फक्त अठरालाही सोडलं नाही.

विशेषणांना मी घाबरले नव्हते. बोनुस, बोना, बोनुम म्हणजे चांगला, चांगली, चांगलं. तीन लिंगं तर आपल्या घरचीच. आकड्यांतही एक, दोन, तीनच लिंगाप्रमाणे रूप बदलतात. चारपासून विसापर्यंत सगळे ढिम्म.

तरी 'चांगला खलाशी'ला अडकले. खलाशी म्हणजे नाउता. शेवटी आ आहे म्हणून नाउता बोना लिहिलं. चूक! खलाशी पुल्लिंगी, म्हणून नाउता बोनुस. विशेषण शब्दाचं लिंग बघतं, शेपूट नाही.

'चांगला माळी' म्हणताना शेवटची ई मला कधी अडली होती का?